पसाऱ्यात नसलेला रंग

१

दार ढकललं आणि इन्स्पेक्टर उंबऱ्यावरच थबकली.

चोरी झालेली घरं तिने काय कमी बघितली होती? फोडलेली कपाटं, उसवलेल्या गाद्या, कपाळाला हात लावून बसलेली माणसं, हे तर तिचं रोजचंच. पण ती सगळी परक्यांची घरं. ही खोली तिच्या बाईंची होती. शाळेत बाईंनी तिला इंग्रजी शिकवलं होतं. तिचं बाक, दप्तर, वेणी, सगळंच कायम विस्कटलेलं, म्हणून भर वर्गात तिचं नाव ‘पसारेबाई’ ठेवलं होतं त्यांनी. रागावून नव्हे, लाडाने. शाळा सुटल्यावरही ती दर महिन्याला बाईंकडे यायची आणि दारातच तिला हाक ऐकू यायची, “या, पसारेबाई!”

आज हाक आली नाही. आणि पसारा होता तो बाईंच्या खोलीत.

भिंतीशी उभ्या असलेल्या लाकडी कपाटाचे सगळे खण बाहेर ओढलेले. बटणं, किल्ल्या, शंख, दोऱ्याची रिळं, मणी, सगळं जमिनीवर. पुस्तकं खाली. औषधाच्या काचेच्या बरण्या आडव्या, आणि गोळ्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. टेबलाच्या पायाशी एक हिरवी उशी. बाई सापडल्या त्या दाराजवळ, कपाळाला खोक पडलेली, निपचित. त्यांना केव्हाच दवाखान्यात हलवलं होतं.

“मॅडम, सरळ मामला आहे,” तिच्या हाताखालचा पोलीस म्हणाला. ताडमाड उंच, त्यामुळे ठाण्यात सगळे त्याला लंबूच म्हणायचे. “चोर शिरला, बाई आडव्या आल्या, त्याने डोक्यात काहीतरी घातलं आणि धूम ठोकली.”

“गेलं काय?”

“तेच तर! काहीच नाही. घड्याळ, सोन्याची साखळी, कपाटातले पैसे, सगळं जागच्या जागी.”

“मग चोर काय नुसता पसारा करायला आला होता?”

लंबू डोकं खाजवत राहिला. तेवढ्यात इन्स्पेक्टरचा फोन वाजला. दवाखान्यातून डॉक्टर बोलत होते.

“तुमच्या बाईंच्या डोक्याची तपासणी झाली. आत काही दिसत नाही. पण नाडी सारखी मंद होत चाललीय. डोक्याला जबर मार बसला की असं होऊ शकतं, आणि घरी चोर शिरला होता म्हणताय, म्हणून आम्ही त्याच अंगाने उपचार करतोय. पण खरं सांगू? माझं मन मानत नाही. त्या खोलीत नेमकं काय घडलं ते मला कळायला हवं.”

“वेळ किती आहे आपल्याकडे?”

“दुपार उलटली तर मी काहीच सांगू शकत नाही.”

२

स्वयंपाकघरात बाईंची धाकटी बहीण बसली होती. साठी कधीच ओलांडली होती, तरी घरीदारी सगळे तिला छोटीच म्हणत. दोघीही एकट्या, एकमेकींच्या आधाराने राहणाऱ्या. छोटी दुकानांच्या शोकेस सजवायची. दुकानं बंद असताना काम करायचं, म्हणून रात्रभर काचेमागे आणि सकाळी घरी, असं तिचं उलटं वेळापत्रक. अंगावरचा कामाचा एप्रन अजून तसाच होता.

“छोटीमावशी,” इन्स्पेक्टर तिच्याजवळ टेकली. “काय झालं, सांग बरं.”

“काय सांगू गं! कापडाच्या दुकानाचं काम उरकून आले, बघते तर ताई अशी पडलेली. लगेच फोन केला मी. लगेच!”

तिचे डोळे रडून सुजले होते. हात मात्र स्वस्थ नव्हते. ओट्यावरचे चमचे उचलून ती एका रेषेत लावत होती. तिचं स्वयंपाकघर म्हणजे बघत राहावं असं. ताटल्या उंचीप्रमाणे, फडकी घडीवर घडी. खिडकीत एका काचेच्या बरणीत पांढरी फुलं, बरणीच्या गळ्याला निळी रिबीन. इन्स्पेक्टरला स्वतःच्या घरचा ओटा आठवला आणि त्या प्रसंगातही जरा लाज वाटली.

वरच्या मजल्यावर एक भाडेकरू होता, वाद्यं दुरुस्त करणारा. तो आपणहून जिन्यात येऊन उभा होता, चेहरा पडलेला.

“माझे कान फार तिखट आहेत,” तो म्हणाला. “धंदाच तसा. रात्री एकदा धप्प आवाज आला. मला वाटलं, पुस्तक पडलं असेल. मी खाली आलो नाही. यायला हवं होतं हो.”

“मग? नंतर? एवढी खोली उलटीपालटी झाली, तुम्हाला काही ऐकू आलं नाही?”

“आदळआपट? मुळीच नाही. अगदी उजाडता उजाडता खण सरकल्याचे आवाज आले. हळू, एकामागून एक. बाई रोजच खण उघडतात, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही.” तो घुटमळला. “पण काल संध्याकाळी जे ऐकलं ते सांगायलाच हवं. त्यांचा भाचा आला होता. ओरडत होता, ‘एक दिवस जीव जाईल तिचा!’”

लंबूने इन्स्पेक्टरकडे असं बघितलं, जणू विचारत होता, बेड्या आता घालायच्या की चहा पिऊन. भाचा बाहेर ओसरीवर येरझाऱ्या घालत होता. त्याला आत बोलावलं.

“म्हणालो!” तो फाडकन बोलला. “पण धमकी नव्हती ती. छोटी आत्याला बजावत होतो मी. मध्यंतरी ती गॅस चालू ठेवून झोपली. त्याआधी एकदा दार सताड उघडं टाकून कामावर गेली. थकलीय हो ती, पण कबूल कोण करणार? मी स्पष्ट सांगितलं, पुन्हा काही झालं तर मोठ्या आत्याला मी माझ्या गावी घेऊन जाणार. कायमचं. मला दोघी सारख्याच, पण... मी कशाला तिला मारीन, मॅडम? तिच्या कडेवर वाढलोय मी.”

खरं बोलणारा माणूसही असाच बोलतो आणि खोटं बोलणाराही. घड्याळाचे काटे मात्र पुढे सरकत होते.

३

इन्स्पेक्टर पुन्हा बाईंच्या खोलीत आली आणि लंबूला म्हणाली, “गप्प उभा राहा. कशालाही हात लावू नकोस.”

ते कपाट तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. बाई शब्द शिकवायच्या त्या खणांनी. ‘पसारा, गोंधळ, मिसळ, सगळ्याला तुम्ही एकच शब्द वापरता आणि मला मनस्ताप देता,’ असं म्हणून त्या एकेक खण वर्गात घेऊन यायच्या आणि टेबलावर ठेवायच्या. आख्खा वर्ग माना उंचावून बघायचा.

‘हा क्लटर. हा कुणी मुद्दाम करत नाही. वस्तू येतात, बसतात, उठायचं नाव घेत नाहीत. पसारेबाईंचं बाक बघा!’ सगळा वर्ग हसायचा. ‘हा मेस. इथे कुणीतरी येऊन घाण करून गेलंय.’ मग एका खणातली बटणं, किल्ल्या आणि शंख त्या भस्सकन ओतायच्या. ‘हा जंबल. वरचं खाली, खालचं वर. पण बटण बटणच आहे आणि किल्ली किल्लीच. वेचायला बसलात तर वेगळं होतं. ब्लेंड केलेला, एकजीव झालेला रंग मात्र वेगळा करून दाखवा बघू.’ मग एक सुंदर खण यायचा, रंगीत मणी आणि शिंपले मांडलेला. ‘आणि ही मेडली. इथेही सतरा प्रकार एकत्र आहेत, पण निवडणाऱ्याने निवडून ठेवलेत. प्रत्येक गोष्ट दिसावी म्हणून.’

शेवटचा खण रिकामा असायचा. ‘बाई, हा?’ कुणीतरी विचारायचंच. बाई स्वतःच्या कपाळावर टिचकी मारायच्या. ‘हा मडल. डोक्यातला घोळ. तो खणात ठेवता येत नाही. बाहेरून सगळं अगदी नीटनेटकं दिसतं, म्हणूनच तो सापडत नाही.’

इन्स्पेक्टर गुडघ्यांवर बसली आणि जमिनीच्या पातळीवरून त्या खोलीकडे बघू लागली.

चोर खण उपसतो तेव्हा ओततो. ढीग पडतो. आधी उघडलेलं खाली, नंतरचं वर. इथे ढीग कुठेच नव्हता. बटणांवर किल्ली नाही, किल्लीखाली रीळ नाही. लाल रिळाशेजारी हिरवे मणी, त्यांच्याशेजारी पांढरा शंख, तोही सुलटा, चकचकीत बाजू वर करून. पुस्तकं पडली होती ती पंख्यासारखी पसरून, एकाचंही पान दुमडलेलं नाही. आणि काचेच्या बरण्या! एवढ्या घाईत फेकलेल्या, पण एकीलाही साधा तडा नाही.

“लंबू,” ती न वळताच म्हणाली. “ही झडती नाही. ही मांडणी आहे.”

“मांडणी? मॅडम, पाय ठेवायला जागा नाही!”

“बघ ना नीट. एक वस्तू दुसरीला झाकत नाही. कुणीतरी प्रत्येक गोष्ट उचलून तिच्या जागी ठेवलीय. म्हणून तर वरच्या माणसाला आदळआपट ऐकू आली नाही.”

तिने टेबलाच्या पायाशी असलेली हिरवी उशी अलगद उचलली. खाली रक्ताचा डाग होता, वाळून तपकिरी झालेला. उशीची खालची बाजू कोरी करकरीत.

लंबूने आ वासला. “म्हणजे रक्त वाळल्यावर उशी आली?”

“रात्री बाई पडल्या. टेबलाच्या पायावर डोकं आपटलं, मग सरपटत दारापर्यंत आल्या. पहाटे कुणीतरी आलं, त्यांना तशा अवस्थेत बघितलं, आणि मग निवांत बसून हे चित्र काढलं.” तिने उशी होती तशी खाली ठेवली. “कोण असं करेल?”

उत्तर तिला कळलं होतं. कळल्यावर ते ढकलून द्यावंसं वाटत होतं, एवढंच. ज्या हातांना वस्तू एकावर एक टाकताच येत नाही, भीतीने थरथरतानाही ज्यांना शंख उलटा ठेववत नाही, असे हात या घरात एकीचेच होते.

पण का? छोटीचा ताईवर जीव होता. नुसतं पडलेल्या बहिणीसाठी चोर उभा करायची काय गरज? म्हणजे काहीतरी लपवायचं होतं. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात एक लहान पसारा खपून जावा, असं काहीतरी.

तिची नजर गोळ्यांवर गेली. पांढऱ्या, गुलाबी, तपकिरी. आडव्या बरण्यांच्या गळ्यांना त्याच रंगांच्या रिबिनी. छोटीला पाकिटं डोळ्यांसमोर नकोत, म्हणून ती गोळ्या सोलून रंगाप्रमाणे बरण्यांत भरायची आणि बाई अधू नजरेने रंग बघून घ्यायच्या. पांढरी, गुलाबी, तपकिरी. आणि चौथी बरणी, पिवळ्या रिबिनीची.

“लंबू, पिवळी गोळी शोध.”

दोघांनी टेबलाखाली बघितलं, कपाटामागे बघितलं, गालिचा उचलला. पिवळे मणी मिळाले, पिवळं बटण मिळालं. पिवळी गोळी औषधालासुद्धा नव्हती.

इन्स्पेक्टर ताडकन उठली. बरणी पिवळी आणि गोळी एकही नाही. आणि स्वयंपाकघरात निळ्या रिबिनीच्या बरणीत फुलं. मग निळ्या गोळ्या कुठे गेल्या?

तिने कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला फोन लावला.

“निळी? ती हृदयाची गोळी हो, नाडी ताब्यात ठेवणारी. रोज फक्त अर्धी घ्यायची त्यांना,” तो म्हणाला. “पण ती कंपनी बंद झाली. या खेपेला मी दुसऱ्या कंपनीची पाठवली. औषध तेच. फक्त रंग बदललाय.”

“कुठला रंग?” तिने विचारलं.

“पिवळा.”

४

छोटीचे चमचे लावून झाले होते. आता ती वाट्या लावत होती.

“मावशी, पिवळ्या गोळ्या कशाच्या?”

“ताकदीच्या,” छोटी वर न बघता म्हणाली. “दोन सकाळी, दोन रात्री.”

“आणि हृदयाच्या?”

हातातली वाटी ओट्यावर टेकली ती टेकलीच.

“मावशी, माझ्याकडे बघ. तिकडे बाईंची नाडी बुडत चाललीय. डॉक्टर डोक्यातला मार शोधतायत, कारण तू चोर उभा केलास. खरं काय ते त्यांना कळलं नाही तर आपल्या बाई जातील. तुझ्या गोळ्यांनी नाही, तुझ्या गप्प बसण्याने जातील!”

छोटीने एप्रनच्या खिशात हात घातला आणि मूठ ओट्यावर उघडली. पिवळ्याधमक गोळ्या घरंगळल्या. काहींवर अर्धी मोडण्यासाठी मधोमध रेघ होती, काहींवर नव्हती. एरवी दोन्ही सारख्या.

“निळ्या आल्याच नाहीत गं,” ती पुटपुटली. “मला वाटलं, डॉक्टरांनी बंद केल्या. पिवळ्या सोलल्या आणि पिवळ्यांत टाकल्या. मी वाचलंच नाही. रंग जुळला ना, बस्स, माझं काम झालं. ताई बिचारी चार चार घेत होती, कधी ही, कधी ती. आज दारात ती दिसली आणि माझं लक्ष बरणीकडे गेलं. त्या रेघा दिसल्या. माझ्या पायाखालची जमीनच सरकली.”

इन्स्पेक्टर तोपर्यंत फोनवर होती. गोळीचं नाव, रंग, दिवसाला किती गेल्या असतील, सगळं तिने एका दमात सांगितलं.

“अहो, मग डोक्याचं काही नाहीच हे!” पलीकडून डॉक्टर ओरडले. “यावर उतारा आहे. ठेवा फोन!”

ती वळली. आता तिला रागही येत होता आणि रडूही.

“चूक कुणाच्याही हातून होते, मावशी. पण तू आधी खण ओढत बसलीस? फोन नंतर केलास?”

“तो घेऊन जाणार होता तिला,” छोटी म्हणाली. “कायमची. मी एकटी काय करू या घरात? मला वाटलं, पटकन करीन. पटकनच करत होते. आणि डॉक्टर काय, तपासतीलच. त्यांना कळेलच, असं वाटलं.”

दारात भाचा उभा होता. किती ऐकलं होतं कोण जाणे. तो तिथेच उंबऱ्यावर मटकन खाली बसला.

५

उतारा लागू पडला. दुसऱ्या दिवशी बाईंनी डोळे उघडले, आणि उशाशी बसलेल्या इन्स्पेक्टरला बघून क्षीण हसल्या.

“या, पसारेबाई. केस विंचरत जा गं कधीतरी.”

मोठी माणसं रडत नाहीत, पोलीस तर नाहीतच, पण इन्स्पेक्टरने खुशाल रडून घेतलं. मग डोळे पुसून तिने जमेल तितक्या हळुवारपणे सगळं सांगितलं. निळी गोळी, पिवळी गोळी, छोटीची भीती. सांगताना तिने बरंच गाळलं. खणांचं तर अगदीच जाता जाता सांगितलं.

“मडल झाला हो, बाई,” ती शेवटी म्हणाली. “तुमचा तो रिकामा खण. तुमच्या घरात खरा घोळ होता तो सगळ्यात नीटनेटक्या बरणीत. बाकी तिच्या मनात काही वाईट नव्हतं.”

बाई छताकडे बघत होत्या.

“गोळ्यांचं मला माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “ते मडलच. ते मी समजू शकते.” मग त्यांनी नजर छतावरून दाराकडे वळवली. “मला शुद्ध होती गं.”

“कधी?”

“पहाटे. हात हलत नव्हता, आवाज निघत नव्हता. पापण्यांच्या फटीतून दिसत होतं फक्त. रात्रभर मी दाराकडे बघत पडले होते, छोटी येईल म्हणून. आली. मला वाटलं, सुटले! तिने माझ्याकडे बघितलं. मग बरणीकडे बघितलं. आणि मला ओलांडून कपाटाकडे गेली.”

फोनला उशीर झाला हे इन्स्पेक्टरला माहीत होतं. पण तो उशीर कुणीतरी जमिनीवर पडून, डोळ्यांनी बघत काढला होता, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

“उशी आणली तेव्हा वाटलं, माझ्या डोक्याखाली ठेवायला आणलीय. तिने ती टेबलापाशी ठेवली. लांब जाऊन बघितली. परत येऊन जराशी तिरकी केली.” बाई तिच्याकडे वळल्या. “आयुष्यभर मी तुम्हाला शब्दांतले फरक शिकवले. याला काय म्हणायचं गं?”

इन्स्पेक्टरला काही सुचलं नाही. वर्गातही तिला अशा वेळी काही सुचायचं नाही, पण तेव्हा बाई स्वतःच उत्तर सांगायच्या. आज त्याही गप्प होत्या.

“तिला आत पाठव,” शेवटी बाई म्हणाल्या. “आणि दार लावून घे.”

बाहेरच्या बाकावर छोटी बसली होती, शेजारी लंबू, पलीकडे भाचा. समोरच्या टेबलावर दवाखान्याची जुनी मासिकं होती. छोटीने ती रंगाप्रमाणे लावून घेतली होती आणि शेवटचं एक हातात धरून जागा शोधत होती.

“मावशी, तुला बोलावलंय.”

छोटी धडपडत उठली. चेहरा एकदम उजळला. “शुद्धीवर आली? काय म्हणाली? कधी आली शुद्धीवर?”

“शुद्धीतच होत्या, मावशी,” इन्स्पेक्टर म्हणाली. “तू आलीस तेव्हाही.”

छोटीच्या हातातलं मासिक गळून खाली पडलं, उलटं, पानं दुमडून. तिने ते उचललं नाही.